कॅमेऱ्यांत कार्ड अडकतें तेव्हां

मुंजीचा समारंभ आटोपलेला असतो, पाहुणे आपापल्या गांवीं परतलेले असतात, आणि घरांतील मंडळी चहाच्या वेळीं एकत्र जमून छायाचित्रें पाहण्यास उत्सुक झालेली असतात. लहानशा डिजिटल कॅमेऱ्याचें खालचें झांकण उघडलें जातें, आंतील मेमरी कार्डावर नेहमींप्रमाणें बोट दाबलें जातें, आणि कार्ड बाहेर येत नाहीं. पुन्हां दाबलें जातें. कार्ड किंचित् हलतें आणि पुन्हां जागच्या जागीं बसतें. मग घरांतील प्रत्येकाच्या बुद्धीला चालना मिळते. कोणी चिमटा आणतो, कोणी सुई आणतो, कोणी स्वयंपाकघरांतील सुरीचें टोंक पुढें करतो. आणि एखादे वडीलधारे गृहस्थ बिजागरीच्या अनुभवावरून दोन थेंब तेल सोडण्याचा सल्ला देतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्या वेळीं सर्वांची स्थिति होते.

अशा प्रसंगीं वस्तुतः धोक्यांत काय आहे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. कार्डाची किंमत कांहीं शें रुपये असते. कॅमेरा दहापंधरा वर्षांचा जुना असला तर बाजारांत त्यालाहि फारसें मोल येत नाहीं. परंतु त्या कार्डांत बटूच्या मातृभोजनाचें चित्र असतें, त्याच्या पाठीवरून हात फिरविणाऱ्या थकलेल्या पणजीचें चित्र असतें, आणि तीं चित्रें जगांत दुसऱ्या कोणत्याहि ठिकाणीं नसतात. नाकापेक्षां मोती जड असूं नये, असें लोक म्हणतात. येथें मात्र मोती जड असतोच, आणि तो सांभाळणें हेंच पहिलें कर्तव्य असतें. म्हणून हातीं हत्यार घेण्यापूर्वीं हें कार्ड म्हणजे काय, तें कॅमेऱ्यांत कशाच्या आधारानें बसतें आणि कोणत्या कारणांनीं अडून राहतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यानें या लहान, खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्यांची सद्दी संपविली, हें खरें. सन २०१० मध्यें जपानी उत्पादकांच्या संघटनेनें नोंदलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांची जगभरांतील रवानगी सुमारें १२ कोटींच्या घरांत होती. सन २०२३ मध्यें ती ८० लाखांच्याहि खालीं आली. तथापि त्या भरभराटीच्या काळांत घेतलेले असंख्य कॅमेरे अद्याप घरोघरच्या कपाटांत आहेत, आणि गेल्या कांहीं वर्षांत तरुण मंडळींना त्यांची गोडी पुन्हां लागली आहे. वर्षानुवर्षें पडून राहिलेलें यंत्र एकदम कामाला लावलें कीं त्याचे सांधे कुरकुरतात. त्यामुळें कार्ड अडकण्याची तक्रार जुनी झाली असली तरी संपलेली नाहीं.

या कॅमेऱ्यांत निरनिराळ्या काळीं निरनिराळीं कार्डें वापरलीं गेलीं. सन १९९४ मध्यें कॉम्पॅक्ट फ्लॅश, सन १९९५ मध्यें स्मार्ट मीडिया, सन १९९८ मध्यें सोनी कंपनीची मेमरी स्टिक, आणि सन २००२ मध्यें ऑलिंपस व फूजीफिल्म यांचें एक्स-डी कार्ड अशीं तीं एकामागून एक पुढें आलीं. परंतु शेवटीं बहुतेक सर्व लहान कॅमेऱ्यांनीं ज्याचा स्वीकार केला, तें एस्-डी कार्ड होय. मात्सुशिता, तोशिबा आणि सॅनडिस्क या तीन कंपन्यांनीं सन १९९९ मध्यें तें जाहीर केलें. त्याची लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४ मिलिमीटर आणि जाडी २.१ मिलिमीटर असते. म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी एक प्लास्टिकची चकती. तिचा एक कोपरा तिरपा कापलेला असतो, तो कार्ड उलटें घातलें जाऊं नये म्हणून. साध्या एस्-डी कार्डाच्या पाठीवर ९ सोनेरी पट्ट्या असतात, आणि त्यांच्या मधून प्लास्टिकच्या अत्यंत बारीक भिंती असतात. डाव्या कडेला एक चिमुकला सरकता खटका असतो. तो सरकविला कीं कॅमेरा त्या कार्डावर नवीन कांहीं लिहीत नाहीं, मात्र जुनें वाचूं शकतो.

छायाचित्रें साठविण्याचें काम या प्लास्टिकच्या वेष्टनाचें नव्हे. तें आंतील सिलिकॉनच्या इवल्याशा तुकड्याचें आहे. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्यानें सन १९८४ मध्यें ज्या स्मृतीची कल्पना शास्त्रज्ञांपुढें मांडली, ती ही ‘फ्लॅश’ स्मृति. हिच्यांत प्रत्येक खूण ही विद्युद्‌रोधक थरानें वेढलेल्या सूक्ष्म कोठींत कोंडलेल्या विद्युत्‌भाराच्या रूपानें राहते, आणि वीज बंद केली तरी तो भार तेथेंच टिकतो. यावरून एक दिलासा देणारी गोष्ट निष्पन्न होते. कार्ड अडकलें म्हणजे चित्रें नष्ट झालीं असें नव्हे. वेष्टनाची कड फाटली तरीहि आंतील तुकडा पुष्कळदां शाबूत असतो. चित्रांचा नाश बहुधा अडकण्यानें होत नाहीं. तो होतो अडकल्यानंतरच्या धसमुसळेपणानें.

आतां कार्डाच्या घराकडे वळावें. लहान कॅमेऱ्यांत तें बहुधा तळाशीं, बॅटरीच्या शेजारीं आणि एकाच झांकणाखालीं असतें. एकदां दाबलें कीं कार्ड आंत बसतें, आणि दुसऱ्यांदा दाबलें कीं तेंच बाहेर येतें. एकाच क्रियेनें दोन परस्परविरुद्ध कामें कशीं होतात? याचें रहस्य एका खांचेंत आहे. कार्डाबरोबर आंत-बाहेर सरकणारी एक छोटी पट्टी असते आणि तिच्यामागें एक बारीक कमान, म्हणजे स्प्रिंग, तिला सतत बाहेर ढकलीत असते. या पट्टीवर पत्त्यांतील बदामाच्या आकाराची खांच कोरलेली असते, आणि एका बारीक तारेचें वांकविलेलें टोंक त्या खांचेंतून फिरतें. पहिल्या दाबानें तें टोंक बदामाच्या एका कडेनें वर चढतें, आणि बोट काढतांच बदामाच्या माथ्यावर जी खळी असते तींत जाऊन अडकतें. पट्टी तेथें थांबते आणि कार्ड स्थिर होतें. दुसऱ्या दाबानें टोंक त्या खळींतून सुटून पलीकडच्या कडेनें खालीं उतरतें, आणि मोकळी झालेली कमान कार्डाला बाहेर लोटते. खांचेच्या तळाला लहान लहान पायऱ्या असल्यामुळें टोंकाला मागें फिरतां येत नाहीं. त्याची प्रदक्षिणा एकाच दिशेनें चालते.

ही रचना एकदां ध्यानांत आली कीं अडकलेल्या कार्डाविषयींचा सर्वांत महत्त्वाचा नियम कोणी सांगण्याची गरज राहत नाहीं. खळींत बसलेलें टोंक सुटतें तें पट्टी *आंत* दाबल्यानें. बाहेर ओढल्यानें तें सुटत नाहीं, उलट खळीच्या भिंतीवर अधिकच घट्ट टेकतें. चिमट्यानें ओढणारा मनुष्य दाराची कडी न काढतां दार ओढीत असतो. दार उघडत नाहीं. कडी मात्र वांकते.

कार्ड अडकण्याचीं कारणें अनेक असलीं तरी त्यांची विभागणी करतां येते. पहिलें कारण अगदीं क्षुल्लक आहे, आणि तेंच बहुधा खरें ठरतें. बोटाचें टोंक जाड असतें आणि कार्डाची जागा अरुंद. बोट कडेवर टेकतें, कार्ड पुरेसें आंत जात नाहीं, आणि तारेचें टोंक खळींतून सुटण्याआधींच दाब संपतो. कधीं दाब मध्यभागीं न पडतां एका कोपऱ्यावर पडतो आणि कार्ड तिरपें होतें. लांकडी कपाटाचा खण एका बाजूनें ढकलला असतां जसा अडतो, तसेंच हें आहे.

दुसरें कारण कार्डाच्या अंगचा दोष. कार्डाचें वेष्टन दोन पाकळ्या जोडून केलेलें असतें. वापरानें किंवा खिशांत वांकल्यानें त्यांचा सांधा सुटतो आणि कड फुगते. वर चिकटविलेला कागद सुटून त्याची घडी पडते. डाव्या कडेचा खटका सैल होऊन निसटतो आणि फटींत पाचर मारल्यासारखा बसतो. सोनेरी पट्ट्यांमधील एखादी भिंत तुटते, आणि कॅमेऱ्यांतील स्पर्श-पट्ट्यांपैकीं एक त्या भोंकांत अडकते. या शेवटच्या प्रकारांत जोरानें ओढलें तर ती नाजुक पट्टी मोडते, आणि कॅमेरा कायमचा निरुपयोगी होतो.

तिसरें कारण अलीकडे अधिक आढळतें. जुन्या कॅमेऱ्याला लागणारीं कमी साठवणीचीं मोठीं कार्डें सहज मिळेनाशीं झाल्यामुळें लोक फोनमध्यें चालणारें १५ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर रुंद असें मायक्रो-एस्-डी कार्ड घेतात आणि तें प्लास्टिकच्या खोळींत, म्हणजे अडॅप्टरमध्यें, बसवून वापरतात. ही खोळ आंतून पोकळ असल्यामुळें लवकर वांकते व चिरते. कधीं लहान कार्ड तेवढें हातांत येतें आणि खोळ आंतच राहते. कोणी अजाणतां लहान कार्डच खोळीशिवाय त्या मोठ्या फटींत सरकवितो. मग तें विहिरींत पडलेल्या पोहऱ्याप्रमाणें तळाशीं जाऊन बसतें.

चौथें कारण बाहेरून आलेलें. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचा एक कण, खिशांतील कापसाची गुंतवळ किंवा दमट हवेनें चढलेला गंज त्या नाजुक खांचेला पुरेसा होतो. पांचवें कारण शेजाऱ्याचें. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली म्हणजे कधीं कधीं फुगते, आणि लगतच्या भिंतीवर दाब पडून कार्डाचीहि वाट अरुंद होते. बॅटरी काढतांना ती घट्ट लागत असेल, तर हा संशय अवश्य घ्यावा. अशी फुगलेली बॅटरी टोंचूं नये, दाबूं नये आणि पुन्हां चार्जहि करूं नये. ती पेट घेऊं शकते.

आतां उपाय. आधीं पोटोबा मग विठोबा, या न्यायानें आधीं चित्रें आणि मग कार्ड. कार्ड पूर्ण आंत अडकलें असेल आणि झांकण लागत असेल, तर तें बाहेर काढण्याची घाईच नाहीं, कारण कॅमेरा स्वतःच त्या कार्डाचा वाचक आहे. कॅमेरा चालू करून चित्रें त्याच्या पडद्यावर दिसतात कीं काय तें पाहावें. दिसत असल्यास बॅटरी चांगली असल्याची खात्री करून तिला पूर्ण चार्ज करावें, आणि कॅमेरा त्याच्या वायरनें संगणकाला जोडून सर्व चित्रें उतरवून घ्यावींत. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांना मिनी-यूएसबी नांवाची वायर चालते. कांहींना त्यांच्याच घडणीची निराळी लागते. ती घरांत न सांपडल्यास बाजारांत शोधण्यांत घालविलेले चार दिवस वायां जात नाहींत. उतरविलेलीं चित्रें संगणकावर एकेक उघडून पाहावींत, आणि आणखी एका ठिकाणीं त्यांची प्रत ठेवावी. पडद्यावर ‘फॉर्मॅट’ करण्याविषयीं प्रश्न आला, तर मात्र त्याला होकार देऊं नये. तो होकार म्हणजे पाटी पुसण्याची परवानगी होय.

कार्ड अर्धवट बाहेर राहून झांकण लागत नसेल, तर बहुतेक कॅमेरे चालूच होत नाहींत. तेव्हां त्याला जबरदस्तीनें चालू करण्याच्या युक्त्या लढवूं नयेत. पुढील रीतीनें कार्ड काढण्याकडे वळावें.

प्रथम कॅमेरा बंद करावा आणि बॅटरी काढून ठेवावी. कार्डावर लिहिणें-वाचणें चालू असल्याचा दिवा लुकलुकत असतांना हें करूं नये. नंतर टेबलावर स्वच्छ फडकें पसरून चांगल्या उजेडांत, शक्य तर भिंगानें, फटींत डोकावून पाहावें. कार्ड सरळ आहे कीं तिरपें, कड फाटली आहे काय, कागद सुटला आहे काय, वाळू दिसते काय, याची ही तपासणी दहा मिनिटें घेईल. पण रोगाचें निदान झाल्याखेरीज औषध देणारा वैद्य शहाणा म्हणतां येत नाहीं. मोकळी धूळ असल्यास रबरी फुग्याच्या हवेनें ती उडवावी. तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो.

त्यानंतर नखानें, किंवा आइस्क्रीमच्या चपट्या काडीसारख्या बोथट लांकडी वस्तूनें, कार्डाच्या बरोबर मध्यभागीं सरळ दाब द्यावा. कार्ड जाईल तितकें आंत जाऊं द्यावें, क्षणभर थांबावें, आणि मग दाब एकदम काढून घ्यावा. या वेळीं कॅमेऱ्याचें तोंड जमिनीकडे असावें, म्हणजे वजनाची थोडी मदत होते. पहिल्यानें यश न आल्यास हीच क्रिया आठदहा वेळां सावकाश करावी. अनेक कार्डें एवढ्यानेंच बाहेर येतात.

कमान दुबळी झाली असेल तर कार्ड सुटतें पण पुरतें बाहेर येत नाहीं. अशा वेळीं ताज्या चिकटपट्टीचा तुकडा कार्डाच्या दिसणाऱ्या कडेला नीट चिकटवून सरळ रेषेंत ओढावें. चिमटा वापरणें भागच पडलें, तर तो बोथट व प्लास्टिकचा असावा, आणि त्यानें कार्डाची कड तेवढी धरावी. सोनेरी पट्ट्यांच्या बाजूला त्याचें टोंक जाऊं देऊं नये. ओढण्याचें बळ दोन बोटांत मावेल इतकेंच असावें. त्याहून अधिक बळ लागतें असें वाटलें, कीं आंत कांहीं तरी अडकलेलें आहे असें समजून हात आवरावा.

वर्ज्य गोष्टीहि तितक्याच निश्चित आहेत. तेल सोडूं नये. तें धूळ धरून ठेवतें आणि विजेच्या स्पर्शांवर थर चढवितें. कार्डाला काडी डकविण्यासाठीं जलद सुकणारा डिंक वापरूं नये. त्याचा एक थेंब घसरला कीं अडकलेलें कार्ड चिकटलेलें कार्ड होतें. कॅमेरा तळहातावर आपटूं नये, कारण त्याच्या भिंगांची सरकती नळी कार्डाहून नाजुक असते.

सर्वांत मोठा निषेध स्क्रू काढून कॅमेरा उघडण्याचा आहे, आणि तो केवळ यंत्राच्या काळजीनें केलेला नाहीं. फ्लॅशचा लखलखाट करण्यासाठीं या लहान कॅमेऱ्यांत एक कपॅसिटर असतो, आणि त्यांत सुमारें ३०० व्होल्ट दाबाची वीज सांठविलेली असते. बॅटरी काढली म्हणजे ती नाहींशी होत नाहीं. पुढें कितीतरी वेळ ती तशीच दबा धरून राहूं शकते. घरच्या दिव्याच्या विजेपेक्षांहि हा दाब अधिक आहे, आणि उघड्या बोटाला त्याचा बसणारा धक्का गंभीर असूं शकतो. शाळकरी मुलांना यंत्रें उघडून पाहण्याची हौस असते आणि ती चांगलीहि असते. परंतु हें यंत्र त्या हौसेचें क्षेत्र नव्हे. तें काम जाणत्या कारागिराचें, आणि त्याच्याकडे कॅमेरा देतांना ‘कॅमेरा गेला तरी चालेल, कार्ड मात्र जपा’ हें त्याला स्पष्ट शब्दांत सांगावें. तसें न सांगितल्यास तो स्वाभाविकपणें कॅमेरा वाचवील.

चित्रें उतरवून झालीं असतील, तर आणखी एक मार्ग मोकळा राहतो. तो म्हणजे कांहींच न करणें. कार्ड आंत असूं द्यावें, चित्रें घ्यावींत, वायरनें उतरवावींत, आणि कार्ड पुरतें रिकामें करून पुन्हां वापरावें. काढतां न येणारी वस्तु त्रासदायक असतेच असें नाहीं.

कार्ड बाहेर आलें तर तें विजयचिन्ह म्हणून लगेच पुन्हां आंत घालूं नये. त्याच्या कडा, खटका आणि पट्ट्यांमधील भिंती तपासाव्यात. कांहीं फाटलेलें वा तुटलेलें आढळल्यास त्यांतील चित्रें संगणकाच्या स्वस्त कार्ड-रीडरमध्यें घालून उतरवावींत, आणि तें कार्ड कायमचें बाजूला ठेवावें. रीडर बिघडला तर दुसरा आणतां येतो. पुढील काळजीसाठीं तीन संवयी पुरेशा आहेत: कार्ड शक्य तों कॅमेऱ्यांतून न काढतां वायरचाच उपयोग करावा, काढलेलें कार्ड सुट्या नाण्यांबरोबर खिशांत न टाकतां त्याच्या डबींत ठेवावें, आणि कार्ड घालतांना विरोध जाणवतांच थांबून दिशा पाहावी. नीट धरलेलें कार्ड आंत जाण्यास बळ मागत नाहीं.

या सर्वांहून मोठी संवय मात्र निराळीच आहे. कार्डाला साठवण म्हणून न मानतां वाहतुकीचें साधन मानावें. बाजारांतून आणलेलें धान्य कोणी पिशवींत वर्षभर ठेवीत नाहीं. तें त्याच दिवशीं डब्यांत भरलें जातें. त्याप्रमाणें समारंभाच्या रात्रींच चित्रें उतरवून दोन ठिकाणीं ठेवलीं, तर कार्ड अडकलें काय, हरवलें काय, नुकसान कांहीं रुपयांचेंच होतें.

मुंज झालेल्या त्या घरांतील मंडळींनीं सुरी आणि तेल बाजूला ठेवलें, कॅमेऱ्याचें झांकण पुन्हां लावलें, आणि एखाद्या मुलाला जुन्या वायरींचा डबा धुंडाळावयास बसविलें, तर त्याच संध्याकाळीं पणजीचें चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटूं शकतें. कार्ड त्यानंतर बाहेर येवो अथवा न येवो. तेवढी वाट पाहण्यास मग कोणाचीच हरकत राहत नाहीं.